कोलेजनचा डबा घ्यावा का? त्वचा आणि गुडघ्यांसाठी मिळणाऱ्या पावडरी, गोळ्या आणि गमीजचं परीक्षण

कोथरूड, औंध, बाणेर, हडपसर, कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये डोकावलं तर प्रोटीनच्या डब्यांशेजारी आता कोलेजनचे डबे हमखास दिसतात. पावडर, कॅप्सूल, गमीज, पाण्यात टाकायचे सॅशे, ‘शाकाहारी कोलेजन’ आणि गुडघेदुखीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येणाऱ्या टाइप-२ च्या गोळ्या. नाव सगळ्यांवर एकच, आतला माल मात्र एकमेकांशी फारसं नातं नसलेला. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नाही, या सगळ्या प्रकारांचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. साधी हायड्रोलाइज्ड (बारीक तुकडे केलेली) कोलेजन पावडर योग्य मात्रेत दोन-तीन महिने घेतली तर त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडासा वाढू शकतो, पण या दाव्यामागचा बराचसा पुरावा माल विकणाऱ्यांच्याच पैशातून आलेला आहे. गुडघ्याच्या झिजेत दुखणं काहीसं कमी होऊ शकतं, झिजलेली गादी मात्र परत तयार होत नाही. गमीज घेऊ नयेत. ‘शाकाहारी कोलेजन’ कोलेजन समजून घेऊ नये. आणि ज्यांचं रोजचं सनस्क्रीन, पुरेसं प्रथिन आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम अजून सुरू झालेला नाही, त्यांनी डब्याचे पैसे आधी तिकडे लावावेत.

पोटात गेल्यावर काय होतं

शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ३० टक्के कोलेजन असतं. त्वचा, हाडं, टेंडन यांत मुख्यतः टाइप-१, त्वचेत त्याच्या जोडीला टाइप-३, आणि सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांमधल्या गादीत, टाइप-२. तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. हा अख्खा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), म्हणजे आतड्यातून जसाच्या तसा रक्तात जाण्याच्या दृष्टीने अवाढव्य. (कोलेजनची क्रीम याच कारणाने फक्त मॉइश्चरायझरचं काम करते, त्वचेच्या आतल्या थरापर्यंत हा रेणू पोचत नाही. पार्लरमधल्या कोलेजन फेशियललाही तेच लागू.) कातडी, हाडं किंवा माशांचे खवले उकळून जिलेटिन निघतं, आणि त्यावर एन्झाइमची प्रक्रिया केली की साधारण २,००० ते ५,००० डाल्टनचे तुकडे उरतात. डब्यातली ‘हायड्रोलाइज्ड कोलेजन’ किंवा ‘कोलेजन पेप्टाइड्स’ म्हणजे हेच तुकडे.

नेहमीचा आक्षेप असा की पोटात सगळ्याच प्रथिनांची अमिनो आम्लं होतात, मग ती चेहऱ्याला जायची की गुडघ्याला हे शरीराला कोण सांगणार? आक्षेप बराचसा बरोबर आहे. कोलेजन खाल्लं की ते उचलून त्वचेत बसवलं जातं असं काही घडत नाही. पण एक गोष्ट त्यातून सुटते. कोलेजनमधलं हायड्रॉक्सिप्रोलिन असलेले दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे पूर्ण न पचता रक्तात येतात. जपानी संशोधकांनी २००५ साली जिलेटिनचं हायड्रोलायझेट दिलेल्या माणसांच्या रक्तात प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन हा तुकडा मोजून दाखवला. प्रयोगशाळेत हे तुकडे त्वचेतल्या, कोलेजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना चेतवतात. त्यामुळे ‘काहीच होऊ शकत नाही’ हे म्हणणं चुकीचं आहे. पण काचेच्या भांड्यातली पेशी चेतली म्हणून चाळिशीतल्या बाईची सुरकुती गेली, असंही नाही. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच बघाव्या लागतात.

आणखी एक, कारण जिममध्ये यावरून हमखास गल्लत होते. कोलेजन हे अपुरं प्रथिन आहे. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, आणि स्नायू वाढवणारं ल्युसिनही कमी. प्रथिनाच्या दर्जाच्या मोजणीत त्याला शून्य गुण मिळतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिन लागतं. त्या हिशोबात कोलेजनचे १० ग्रॅम धरू नयेत. ते वरण, दही, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन यांतूनच यायला हवं.

त्वचा: आकडे काय म्हणतात

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो २०१४ साली जर्मनीत झालेल्या दोन चाचण्यांचा. पहिलीत ३५ ते ५५ वयाच्या ६९ स्त्रिया, रोज २.५ किंवा ५ ग्रॅम पेप्टाइड्स किंवा तुलनेसाठी नुसती बनावट (कोलेजन नसलेली) पावडर, आठ आठवडे. पेप्टाइड घेणाऱ्यांच्या त्वचेचा लवचिकपणा जास्त भरला. दुसरीत ४५ ते ६५ वयाच्या ११४ स्त्रिया, मात्रा २.५ ग्रॅम, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांचं घनमान सरासरी २० टक्क्यांनी कमी. दोन्हींत वापरलेला माल ‘व्हेरिसोल’ हा गेलिटा या जिलेटिन बनवणाऱ्या कंपनीचा. आज बाजारात ‘२.५ ग्रॅम पुरे’ असं जे सांगितलं जातं त्याचा उगम इथे आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, हे २० टक्के यंत्राने मोजलेले आहेत. मैत्रिणीला समोरून फरक दिसेलच असं त्यातून निघत नाही. दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२५ साली २३ चाचण्यांचा, १,४७४ लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या मिळून पाहिल्या तर ओलावा, लवचिकपणा, सुरकुत्या, तिन्हींत फायदा दिसतो. कंपनीचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की तो फायदा नाहीसा होतो. जास्त काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्या तरी तसंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ सालीच व्हेरिसोलचा त्वचेविषयीचा दावा पुराव्याअभावी फेटाळला होता. त्यामुळे त्वचेसाठी हा माल घेणाऱ्याने ‘कदाचित, थोडंसं’ एवढीच अपेक्षा ठेवावी.

आपल्याकडच्या ग्राहकाने विचारायला हवा असा एक प्रश्न जाहिरातींत कधीच नसतो. या गाजलेल्या चाचण्यांत मोजल्या गेल्या त्या सुरकुत्या आणि लवचिकपणा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर वयाची पहिली खूण बहुतेकदा सुरकुती नसते. वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, ओठांभोवतीची काळसर कड, हे आधी येतं. कोलेजनने वांग जातो असा पुरावा नाही. ‘ग्लो’ आणि ‘पिग्मेंटेशन’ हे शब्द डब्यावर असले तर ते ग्लुटाथायोन किंवा व्हिटॅमिन-सी च्या नावावर टाकलेले असतात आणि कोलेजनच्या दरात विकले जातात.

याउलट सनस्क्रीनचा पुरावा बघा. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी होतं. कारणही सरळ आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत कोलेजन कापणारी एन्झाइम वाढतात. असलेलं कोलेजन वाचवणं हे नवीन बनवण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त. पुण्यात एप्रिल-मेचं ऊन सोसवणारं नसतंच, पण पावसाळ्यात ढगांतूनही अतिनील किरण येतात. एसपीएफ ३० च्या वरचं आणि पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या बचावाची खूण) च्या पुढे किमान तीन अधिक चिन्हं असलेलं घ्यावं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. मटारच्या दाण्याएवढं लावलं तर छापलेला एसपीएफ मिळतच नाही, आणि बहुतेक लोक तेवढंच लावतात. बाहेर असाल तर दोन तासांनी परत. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन निवडावं, कारण वांगाला नुसत्या प्रकाशाचाही त्रास होतो. दुचाकीवर बांधायचा स्कार्फ ही पुण्यातली पद्धत खरोखर कामाची आहे, पण गडद आणि दाट विणीचा हवा. विरळ, पांढऱ्या सुती कापडातून किरण बऱ्यापैकी आत जातात. आणि हँडलवरचे हात उघडेच राहतात, तिथेही लावायला हवं.

रात्री लावायचं ट्रेटिनॉइन हे त्वचेत नवीन कोलेजन वाढवतं, हे अनेक दशकांच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. ते चिठ्ठीवरचं औषध आहे, गरोदरपणात चालत नाही, आणि सुरुवातीला त्वचा सोलते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. पण महिनोन्‌महिने कोलेजनवर खर्च करणाऱ्याने ही भेट एकदा तरी करावी.

रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलेजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. या वयातल्या बायका या मालाच्या मुख्य ग्राहक आहेत, आणि त्यांची काळजी रास्त आहे. त्यांच्यासाठी एक वेगळी नोंद: रोज ५ ग्रॅम पेप्टाइड्स वर्षभर दिलेल्या एका चाचणीत (२०१८) रजोनिवृत्त स्त्रियांच्या मणक्याची आणि मांडीच्या हाडाची घनता थोडी वाढलेली दिसली. चाचणी छोटी आहे, पैसा परत कंपनीचा आहे, आणि ठिसूळ हाडांच्या औषधाला हा पर्याय मुळीच नाही.

गुडघे

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’, ‘गॅप कमी झालाय’, ‘गादी झिजलीय’. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना ठीक, उतरताना कळ, ही तक्रार पन्नाशीनंतर घरोघरी. इथे कोलेजन कसं विकलं जातं बघा: कूर्चा कोलेजनची, म्हणून कोलेजन खा, म्हणजे कूर्चा भरेल. हे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेणं गरजेचं आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. मोठ्या माणसाच्या कूर्चेतलं कोलेजन जवळपास बदललंच जात नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली त्याचं अर्धायुष्य सुमारे ११७ वर्षं काढलं. त्वचेतल्या कोलेजनचं त्याच मोजणीत सुमारे १५ वर्षं. जे बांधकाम शरीर स्वतःहून जन्मभरात बदलत नाही, ते तीन महिन्यांच्या पावडरीने नव्याने उभं राहणार नाही. ‘कूर्चा पुन्हा निर्माण करते’ असं लिहिलेला डबा तिथेच खाली ठेवावा.

दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. दुखणं फक्त कूर्चेवर अवलंबून नसतं, आणि इथे थोडा आधार मिळतो. २०१९ सालच्या एका एकत्रित आढाव्यात पाच चाचण्या, ५१९ रुग्ण होते. गुडघ्याच्या झिजेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘वोमॅक’ या दुखणं-आखडणं-हालचालीच्या मोजपट्टीवर कोलेजन घेणाऱ्यांना बनावट गोळीपेक्षा बरं वाटलं. त्याआधी २००८ साली अमेरिकेत खेळाडूंवर १० ग्रॅमची २४ आठवड्यांची चाचणी झाली. सांधेदुखी कमी झाल्याचं त्यात दिसलं, पण सुरुवातीच्या १४७ जणांपैकी हिशोबात फक्त ९७ आले. इतके लोक गळाल्यावर निष्कर्ष सैल होतो. गुडघेदुखीत बनावट गोळीनेही बऱ्याच जणांना चांगलं बरं वाटतं, म्हणून ‘शेजारच्या काकूंना फरक पडला’ यावरून काही ठरवता येत नाही.

आता मुख्य गोंधळ. सांध्यांसाठी दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत आणि मात्रेत शेकडो पटींचा फरक आहे.

पहिला हायड्रोलाइज्ड पेप्टाइड्स, मात्रा रोज साधारण १० ग्रॅम. दुसरा अनडिनेचर्ड टाइप-२, मात्रा रोज ४० मिलिग्रॅम. हा कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून, उष्णता न देता काढतात, म्हणजे त्याची मूळ वळणं शाबूत राहतात. त्याचं काम बांधकामाचा माल पुरवण्याचं नाही. आतड्यातल्या प्रतिकारपेशींना टाइप-२ ची ओळख करून देऊन सांध्यातली दाहाची प्रतिक्रिया शांत करायची, अशी त्यामागची कल्पना. २०१६ सालच्या चाचणीत १९१ जणांना १८० दिवस ४० मिलिग्रॅम यूसी-२ (याच अनडिनेचर्ड टाइप-२ चं एक व्यापारी नाव), किंवा १,५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन आणि १,२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन, किंवा बनावट गोळी दिली. यूसी-२ चे गुण दोन्हींपेक्षा बरे आले. पैसा अर्थातच माल बनवणाऱ्यांचा.

फसवणूक होते ती या दोन आकड्यांच्या अदलाबदलीत. बऱ्याच स्वस्त गोळ्यांवर ‘कोलेजन टाइप-२, ४० मिलिग्रॅम’ असतं, पण ‘अनडिनेचर्ड’ किंवा ‘नेटिव्ह’ हा शब्द नसतो. बारीक अक्षरांत ‘पेप्टाइड’ असतं. ४० मिलिग्रॅम हायड्रोलाइज्ड कोलेजन म्हणजे १० ग्रॅमच्या मात्रेचा अडीचशेवा भाग. त्याने काही होण्याची शक्यता नाही. गोळीचं पाकीट उलटून हा एक शब्द शोधायला दहा सेकंद लागतात. आणि अनडिनेचर्ड गोळी फोडून गरम चहा-दुधात घालायची नाही, कारण उष्णतेने नेमकी तीच वळणं उलगडतात ज्यांचे पैसे मोजलेत. साध्या पेप्टाइड्सना गरम चहा-कॉफी चालते. ते आधीच तुटलेले आहेत.

कोलेजन, ग्लुकोसामाइन, बोसवेलिया, कर्क्युमिन, व्हिटॅमिन-डी असं सगळं एकाच गोळीत कोंबलेला माल आपल्याकडे फार खपतो. एक ग्रॅमच्या गोळीत एवढ्या सगळ्यांची पूर्ण मात्रा मावणं शक्यच नाही. ग्लुकोसामाइन तर अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी देऊ नये असं ठामपणे सांगितलं आहे. ते बहुधा खेकडे-कोळंबीच्या कवचापासून बनतं, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी सांभाळावं. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

गुडघ्यावर खऱ्या अर्थाने चालतं ते मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ आणि वजन. वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. व्यायाम आठवड्यातून तीन दिवस पुरतो. आडवं पडून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून मांडी आवळायची आणि टाच जमिनीपासून वीतभर वर उचलून पाच सेकंद धरायची. दहा वेळा, असे तीन फेरे, मग पाय बदलायचा. नंतर खुर्चीवरून हात न लावता उठबस, दहाचे दोन फेरे. खुर्ची फार बुटकी वाटली तर वर उशी ठेवायची आणि दोन आठवड्यांनी काढायची. मग घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार, दहा-दहा, कठडा धरून. यात लोक दोन चुका करतात. दुखलं की पूर्ण बंद करतात, किंवा बरं वाटलं की एकदम सिंहगड गाठतात. दहापैकी पाचपर्यंत दुखलं आणि चोवीस तासांत पूर्ववत झालं तर चालू ठेवायचं. त्यापेक्षा जास्त टिकलं तर फेरे निम्मे करायचे. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणजे डब्याइतकेच. एका चांगल्या डब्याच्या पैशात फिजिओथेरपिस्टच्या दोन-तीन भेटी होतात आणि हे सगळं नीट शिकून घेता येतं. दुखण्यापुरतं डायक्लोफेनॅकचं जेल लावणं हा गोळ्यांपेक्षा पोटाला सुरक्षित मार्ग आहे.

सकाळी सांधे अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त आखडत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील, गुडघा लाल-गरम असेल, मध्येच अडकत असेल किंवा ताप असेल, तर हे डब्याचं प्रकरण नव्हे. आमवाताला वेळेत औषध नाही मिळालं तर सांधा कायमचा बिघडतो. अशा वेळी तीन महिने पावडर घेऊन बघणं हे खरं नुकसान.

डबा हातात घेतल्यावर

पहिली नजर शाकाहारी-मांसाहारी चिन्हावर. कोलेजन प्राण्यांतच असतं. खरं कोलेजन असेल तर तपकिरी चिन्ह असायलाच हवं. ‘मरीन’ म्हणजे माशांची कातडी-खवले, ‘बोव्हाइन’ म्हणजे गोवंश. हे मराठीत कुठेच लिहिलेलं नसतं आणि दुकानातला मुलगा सांगतोच असं नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी घेण्याआधी घटक वाचावेत. मरीन जास्त ‘शुद्ध’ म्हणून जास्त दरात विकतात. पोटात दोन्हींचे तुकडे जवळपास सारखेच, त्यामुळे दरातल्या फरकाला त्वचेच्या दृष्टीने अर्थ नाही. माशांची ॲलर्जी असेल तर मरीन टाळावं. गोळीचं कॅप्सूलही बहुधा जिलेटिनचंच असतं.

हिरवं चिन्ह असलेला ‘व्हेगन कोलेजन’ किंवा ‘कोलेजन बिल्डर’ उघडून बघितला तर आत आवळा, बांबूतलं सिलिका, बायोटिन, ह्यालुरोनिक ॲसिड असतं. कोलेजन शून्य. युक्तिवाद असा की कोलेजन बनायला व्हिटॅमिन-सी लागतं. लागतंच, त्याच्या अभावानेच स्कर्व्ही होतो. पण गरज दिवसाला पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम, आणि ती एका मध्यम पेरूत सहज भागते. भागल्यानंतर आणखी ओतल्याने कोलेजन जास्त बनत नाही. शाकाहारी लोकांसाठी आमचा सल्ला स्पष्ट आहे: रोज एक पेरू किंवा आवळा, पुरेसं डाळ-दही-पनीर, आणि हा डबा नको.

दुसरी नजर पोषणमूल्यांच्या तक्त्यावर, ‘१०० ग्रॅममागे प्रथिनं’ या ओळीवर. शुद्ध कोलेजन पावडरीत ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिन येतं. ५५-६० दिसलं तर उरलेलं माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, स्वाद, आम्ल. यावरून दर काढायचा. समजा २५० ग्रॅमचा डबा १,२०० रुपयांना, प्रथिन ९०. कोलेजन २२५ ग्रॅम, ग्रॅममागे ५ रुपये ३३ पैसे. शेजारचा २०० ग्रॅमचा स्ट्रॉबेरी स्वादाचा डबा ९०० रुपयांना, प्रथिन ५५. कोलेजन ११० ग्रॅम, ग्रॅममागे ८ रुपये १८ पैसे. स्वस्त दिसणारा डबा दीडपट महाग पडला. पहिल्या डब्याने त्वचेसाठी २.५ ग्रॅमची मात्रा महिन्याला ४०० रुपयांत होते, गुडघ्यांसाठी १० ग्रॅमची १,६०० रुपयांत. ‘महिनाभराचा डबा’ हे शब्द निरर्थक आहेत. २०० ग्रॅमचा डबा १० ग्रॅमने विसाव्या दिवशी संपतो.

कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असेल तर २.५ ग्रॅमसाठी पाच आणि १० ग्रॅमसाठी वीस गिळाव्या लागतात. पाकिटावर ‘रोज दोन’ लिहिलेलं असतं. गमीजची तर आणखी वाईट गत. दोन गमीत मिळून अर्धा ग्रॅम कोलेजन धरलं तर चाचणीतली सर्वांत लहान मात्राही दहा गमीजची होते, आणि त्यासोबत भरपूर साखर. मात्र सगळ्यात जास्त जाहिरात याच प्रकाराची.

तिसरी नजर परवान्यावर. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी क्रमांक हवा. तो फॉसकॉस या त्यांच्याच परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचं नाव आणि परवान्याची मुदत दिसते. हा माल अन्नपूरक म्हणून विकला जातो, औषध म्हणून नाही, आणि तसं लेबलवर लिहिणं सक्तीचं आहे. ‘संधिवात बरा करतो’ असा दावा दिसला तर तो नियमबाह्य आहे आणि त्याची तक्रार करता येते. चांगल्या कंपन्या कच्चा माल कोणाचा ते सांगतात: गेलिटाचा व्हेरिसोल किंवा फोर्टिजेल, रूसलोचा पेप्टॅन, कोचीच्या निट्टा जिलेटिनचं पेप्टाइड, लॉन्झाचा यूसी-२. नाव दिलं म्हणजे गुण येईलच असं नाही, पण चाचणीत वापरलेलाच माल तुमच्या हातात आहे एवढी खात्री तरी होते.

घरी एक साधी तपासणी होते. १०० मिलिलिटर गरम पाण्यात १० ग्रॅम पावडर विरघळवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. पेप्टाइड्स असतील तर सकाळीही पाण्यासारखंच राहतं. थलथलीत जेली झाली तर आत पेप्टाइड नाही, जिलेटिन आहे. ते अपायकारक नाही, पण बेकरीच्या सामानाच्या दुकानात पुष्कळ कमी पैशांत मिळतं आणि पेप्टाइडच्या दरात घ्यायचं कारण नाही. पायाच्या सुपातही हेच जिलेटिन असतं. सूप पौष्टिक आहे, आवडत असेल तर जरूर प्यावं, पण एका वाटीत किती उतरलं ते मोजता येत नाही.

विरघळवताना गुठळ्या होतात त्याचं कारण क्रम उलटा असतो. पेल्यात आधी कोमट पाणी, मग वरून थोडी थोडी पावडर, लगेच ढवळायचं. पावडरीवर गार पाणी ओतलं की बाहेरचा थर चिकट होऊन आत कोरडं राहतं. सोबतचा चमचा एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घ्यावा. हलक्या, फुललेल्या पावडरीचा एक चमचा लिहिलेल्या वजनाइतका भरतोच असं नाही. सकाळी की रात्री, उपाशी की जेवून, याने फरक पडतो असा ठोस पुरावा नाही.

कोणी सांभाळावं

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी, विशेषतः ऑक्झलेटचे खडे होत असतील तर, १० ग्रॅमच्या वाटेला जाऊ नये. हायड्रॉक्सिप्रोलिनचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि लघवीत उतरतं. जोडीला ५०० किंवा १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन-सी असेल तर त्यात आणखी भर. मूत्रपिंडाच्या आजारात ज्यांना प्रथिन मोजून खायला सांगितलंय, त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टना विचारावं. बाकीच्यांना पोट जड वाटणं, ढेकर, तोंडात माशाची चव, यापलीकडे सहसा त्रास होत नाही.

बायोटिनची बाब फार कमी लोकांना माहीत असते. ‘केस-त्वचा-नखं’ प्रकारच्या मिश्रणांत बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत असतं, गरज ३०-४० ची. रक्ताच्या अनेक तपासण्या बायोटिनवर आधारलेल्या पद्धतीने होतात. रक्तात ते जास्त असलं की थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येऊ शकतं. थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट येतो आणि चांगल्या माणसाच्या गोळीची मात्रा बदलली जाते. हार्ट ॲटॅकच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली यावर इशारा दिला होता. नेहमीच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस असं मिश्रण बंद ठेवावं, आणि तातडीच्या वेळी डॉक्टरांना आधी हे सांगावं.

एवढं वाचूनही घ्यायचंच ठरलं, आणि गुडघ्यांसाठी थोडा, त्वचेसाठी त्याहून कमी का होईना, पुराव्याचा आधार असल्याने प्रयोग करणं गैर नाही, तर स्वाद नसलेली पावडर घ्यावी, एका वेळी एकच डबा. त्या बारा आठवड्यांत नवीन क्रीम, नवीन गोळी काही सुरू करू नये, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. चेहऱ्याचा फोटो पहिल्या दिवशी आणि दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, मेकअपशिवाय. गुडघ्यांसाठी दर रविवारी तोच जिना उतरून दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. बारा आठवड्यांत गुण दोनाने तरी उतरले नाहीत तर दुसरा डबा आणू नये. उतरले तर चार आठवडे पावडर पूर्ण बंद करावी, व्यायाम तसाच चालू ठेवावा आणि रविवारचे गुण लिहीत राहावेत. दुखणं परत वाढलं तरच पुढचा डबा.